नवा गिटारवाला

शनिवारची दुपार. जेवण अंगावर आलेलं, डोळे मिटत चाललेले, आणि समोरच्या इमारतीतल्या गिटार क्लासात सगळी पोरं एकदम डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवायला लागली. डॅण् डॅण् डॅऽण्, डॅण् डॅण् ड-डॅण्. गिटार हातात आली की आधी हे, मग बाकीचं. त्याला इलाज नाही. पण पोरं पिकनं, म्हणजे तारा छेडायच्या त्या चपट्या तुकड्यानं, तारा खरवडत होती, आणि तिथं माझी झोप उडाली. पर्पलचा मूळ गिटारवाला रिची ब्लॅकमोर त्या जागी पिक वापरत नाही. दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, म्हणून तो सूर तसा ठसठशीत निघतो.

मला स्वतःला गिटार येत नाही. हे ज्ञान मला आहे ते केवळ दादाचा धाकटा भाऊ असल्यामुळे.

ठाण्याला आमच्या दोन खोल्यांत टेपरेकॉर्डर एकच होता. आजोबांची नाट्यपदं आटोपली की रात्री तो दादाच्या ताब्यात जायचा. मग 'मेड इन जपान'. कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट, लेबलवर दादाच्या हातचं तिरकं 'डीप पर्पल'. १९७२च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोला वाजवलेलं ते सगळं आम्हाला टाळ्यांसकट पाठ होतं. जपानी माणूस कुठल्या सोलोनंतर शिट्टी मारतो हेसुद्धा. टेप अडकली की पेन्सिल घालून ती सारखी करायचं काम माझ्याकडे, आणि त्या बदल्यात मला मोठ्यांच्या वादात नुसतं बसायची परवानगी.

वाद एकच. दादा आणि त्याचा मित्र सुधीर तो वर्षानुवर्षं घालत होते. ब्लॅकमोर म्हणजे पर्पल की पर्पल म्हणजे पाच माणसं? १९७५ साली ब्लॅकमोर पहिल्यांदा बँड सोडून गेला. नव्या गायकांनी फंक आणि सोल या वेगळ्याच ढंगाचं संगीत आत आणलं, ते त्याला पचेना. त्यानं स्वतःचं 'रेनबो' काढलं आणि त्याच्या जागी टॉमी बोलिन नावाचा अमेरिकन पोरगा आला. त्याच्यासकट निघालेली रेकॉर्ड म्हणजे 'कम टेस्ट द बँड'. सुधीरला ती फार आवडायची. दादाचं म्हणणं, "रेकॉर्ड चांगली आहे. पर्पलची नाही." या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नसे. कार्यक्रमांत लोक बोलिनच्या तोंडावर ब्लॅकमोरच्या नावानं ओरडायचे. १९७६च्या मार्चमध्ये बँड मोडला, आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला बोलिन मायामीत गेला, ड्रग्जनं. पंचवीस वर्षांचा होता. सुधीर हे सांगताना आवाज खाली आणायचा. दादा गप्प बसायचा, पण मत बदलायचा नाही.

आजोबा खाटेवर पडून हे ऐकत. इंग्रजी गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, भांडण मात्र नीट कळायचं. एकदा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "किर्लोस्कर मंडळीचं हेच झालं." मग उठून बसले आणि आम्हाला तासभर सुटका नाही. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढं दीनानाथही किर्लोस्कर सोडून गेले, बळवंत मंडळी झाली. "राहिलं काय मग तिथं? पडदे!" आजोबा इतक्या त्वेषानं बोलत होते की परवाच तिकिटाचे पैसे बुडाले असावेत. सुधीरनं हिशेब घातला. १९१३ साली आजोबा पाळण्यात होते. किर्लोस्करांचं वैभव त्यांच्या वडिलांनी पाहिलेलं, ऱ्हासही वडिलांनीच पाहिलेला. आजोबांकडे आली ती फक्त हळहळ.

सुधीरनं हे बोलून दाखवल्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, "मग तुझ्या त्या ब्लॅकमोरला तू कुठं पाहिलायस?"

दादा हसला नव्हता. खरं तर प्रश्न त्याच्यासाठीच होता.

१९८४ साली जुनी पाच माणसं पुन्हा जमली, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' आली आणि दादाचं देवावर बसलेलं मन थोडं आणखी बसलं. नऊ वर्षं कशीबशी निभली. गायक इयन गिलन आणि ब्लॅकमोर यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मध्ये एकदा गिलनला काढला, मग परत आणला. १९९३च्या नोव्हेंबरात, दौरा ऐन रंगात असताना, हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर ब्लॅकमोर निघून गेला. बातमी ठाण्यापर्यंत यायला चांगलाच वेळ लागला. दादा संध्याकाळी घरी आला तो चेहरा टाकून. आईनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. "कोण गेलं रे?" दादा म्हणाला, ब्लॅकमोर. आई म्हणाली, "अगंबाई. काय वय होतं?"

आणि मग, १९९५ साली, एप्रिलमध्ये डीप पर्पल मुंबईला आलं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे कसं सांगावं? तेव्हा असे बँड मुंबईत येत नसत. त्यांचे पोस्टर यायचे, टी-शर्ट यायचे, चौथ्या हातानं भरलेल्या कॅसेटी यायच्या. माणसं येत नसत. आणि ही माणसं आता लोकलच्या पासवर जाता येईल इतक्या अंतरावर उभी राहून वाजवणार होती. गिलन, जॉन लॉर्ड, रॉजर ग्लोव्हर, इयन पेस. गिटारवर नुकताच आलेला स्टीव्ह मोर्स.

दादा गेला नाही.

सुधीरनं त्याचं तिकीट काढलं होतं. आईसुद्धा म्हणाली, जा रे, एवढा जीव टाकतोस. दादा म्हणाला, ब्लॅकमोर नसताना जायचं म्हणजे काय, उत्सवमूर्ती नसलेल्या पालखीत नाचायचं? त्या संध्याकाळी तो घरीच होता. टेप लावला नाही. जेवून झोपला. सुधीर रात्री कधीतरी परतला आणि दोन दिवस त्याला आवाज नव्हता, त्यामुळे वाद पुढं ढकलावा लागला. त्या कार्यक्रमाची चित्रफीत पुढं 'बॉम्बे कॉलिंग' या नावानं निघाली. तीत एके ठिकाणी गर्दीतून येणारी शिट्टी आपली आहे असं सुधीर आजही छातीठोकपणे सांगतो. ओसाकाच्या शिट्टीला ठाण्याचं उत्तर.

या नावातही एक गंमत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडची 'बॉम्बे कॉलिंग' नावाची धून १९६९ साली आली, व्हायोलिनवरची. पुढच्याच वर्षी पर्पलनं ती जवळजवळ उचलून, संथ करून 'चाइल्ड इन टाइम' केलं. म्हणजे दादा ज्या गाण्यासाठी डोळे पुसायचा त्याची चालच मुळात ब्लॅकमोरची नव्हे. आणि सुरुवातीला ती येते ती गिटारवर नाही, ऑर्गनवर.

आता मी माझ्या मूळपदावर येतो. सगळ्या जन्मात ज्याच्या त्याच्या तोंडी गिटारवाला गेल्याचं दुःख. ऑर्गनवाल्याचं काय? जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारा, गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा. त्यामुळे तो गुरगुरायचा, आणि कित्येकदा गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला हेच समजायचं नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'च्या त्या सुरांखालीही तो आहे. समोरच्या क्लासात पोरं कितीही घासोत, त्यांचं वाजवणं पोकळ लागतं ते म्हणून.

माझा कान तिकडे का जातो हे उघड आहे. आजोबांकडे पायपेटी होती. नाटक कंपन्यांच्या ऑर्गनची गरीब नातलग. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हात मोकळे. माझे पाय पुरत नसत, म्हणून मी खाली बसून हातांनी पायटे दाबायचो आणि आजोबा वर 'नाथ हा माझा' वाजवायचे. खालून ऐकलेला ऑर्गन वेगळाच असतो. सूर नंतर येतो, आधी लाकूड श्वास घेतं. एका बाजूचा भाता फाटका होता, त्यामुळे दर दोन-तीन सुरांनंतर एक सुस्कारा. पुढं कधीतरी लॉर्डच्या ऑर्गनमधली ती खरखर ऐकली तेव्हा हा माणूस ओळखीचा वाटला. ब्लॅकमोर मला कधीच ओळखीचा वाटला नाही. बोटं जादूची, कबूल. पण हा गडी कॅमेरावाल्याच्या अंगावर पाणी फेकणारा, मनात येईल तेव्हा स्टेजवरून नाहीसा होणारा. पाहुणा म्हणून ठीक.

लॉर्ड २००२ साली शांतपणे निवृत्त झाला. २०१२च्या जुलैमध्ये गेला. ऱ्हास व्हायचा तो माझ्या लेखी २००२ साली झाला. त्याच्या जागी आलेला डॉन एअरी उत्तम वाजवतो, हे मी दादाच्याच चालीवर म्हणतो.

स्टीव्ह मोर्सबद्दल मात्र कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. तो आला १९९४ साली आणि २०२२पर्यंत वाजवत राहिला. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळवल्या तरी मोर्सची वर्षं कितीतरी जास्त भरतात. 'पर्पेंडिक्युलर' या रेकॉर्डमधलं त्याचं 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' ऐकावं, रात्री, एकट्यानं. तो भांडून गेला नाही. बायकोला कॅन्सर झाला, तिच्याजवळ राहायचं म्हणून त्यानं बँड सोडला. २०२४ साली ती गेली.

गिटार क्लास सुटल्यावर मी दादाला फोन लावला. आता त्याला कमी ऐकू येतं आणि तो फोनवर ओरडून बोलतो. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, दादा, मोर्सनं पर्पल का सोडलं माहितीये का तुला?

"कोण मोर्स? तो नवीन आलेला?" दादा ओरडला. "सोडलं का त्यानं? मी म्हटलंच होतं, टिकणार नाही तो."