तीन छप्पन्न

दुपारी वॉशिंग मशीन स्पिनला गेलं की आमच्या किचनमधल्या रॅकवरचे ग्लास वाजायला लागतात. बायको मधे मधे वाट्या घालून बघते, तरी वाजतातच. मशीनचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घालायचाय असं मी दोन वर्षं म्हणतोय. तर परवा रविवारी जेवण करून सोफ्यावर जरा आडवा झालेलो, डोळा लागत होता, तेवढ्यात ग्लास वाजायला लागले आणि मी ताडकन उठून बसलो. बास, एवढंच. पण लेकीनं बघितलं.

आणि नेमका तिला शाळेचा प्रोजेक्ट होता. घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची, त्यांनी स्वतः अनुभवलेल्या एखाद्या मोठ्या घटनेबद्दल. 'स्वतः' खाली बाईंनी दोन रेघा मारलेल्या. "बाबा, तू तो भूकंपाचा किस्सा सांग ना, कळशीचा," म्हणाली, आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून माझ्यासमोर धरला.

आता हा किस्सा माझा हुकमी. तीस वर्षं सांगतोय. हॉस्टेलवर सांगितलाय, ट्रेनमधे सांगितलाय, मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनासुद्धा सांगितलाय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन्न, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, सोलापूर, आमचा वाडा, मी सहावीत. आधी जमिनीतनं घर्रर्र आवाज, मोठा ट्रक गल्लीत शिरल्यासारखा, मग मांडणीवरची भांडी थडथड वाजायला लागली, मग तांब्याची कळशी पडली आणि गडगडत थेट जिन्यापर्यंत गेली, मग मी ओरडलो, अण्णांना हलवून उठवलं, "अण्णा उठा, भूकंप!" (हे शेवटचं वाक्य कॉलेजच्या सेकंड इयरला ॲड झालं असावं. त्याआधी मी नुसताच जागा व्हायचो, कुणाला उठवायचो नाही.)

मी कळशीपर्यंत आलो आणि पलंगावर पडल्या पडल्या आई म्हणाली, "कोण? हा? हा तर डाराडूर झोपला होता की."

रेकॉर्डिंग चालूच होतं.

"अख्खा वाडा खाली धावला, ह्याला काय पत्ता नाही. ह्याच्या अण्णांनी खांद्यावर टाकून आणला. मंडपात सतरंजीवर टाकला तरी उठला नाही. सहा वाजता उठला आणि म्हणतो, माझं लेझीम कुठंय."

लेक माझ्याकडे बघत होती. बायकोपण किचनमधनं बघायला आली. म्हटलं, आई तुला नीट आठवत नसेल. ती म्हणाली, मला सगळं आठवतंय, कळशी खालच्या काकूंची होती, आपली नव्हे.

खरंय ते. कळशी खालच्या काकूंची होती. मी झोपलो होतो. आणि झोपणार नाही तर काय करणार सांगा, सोलापूरची मिरवणूक म्हणजे लेझीम, आणि मी त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्यांच्या रांगेत होतो. दुपारपासनं रात्रीपर्यंत नाचलोय. अंगठ्याच्या बेचक्यात हा एवढा फोड आलेला, तो फुटून त्यात गुलाल गेलेला, पोटऱ्या दगड झालेल्या. घरी आल्यावर आईनं तोंड धुवायला सांगितलं तर बादलीपर्यंतसुद्धा गेलो नाही. तसाच पडलो. त्या अवस्थेत भूकंपच काय, माझ्या कानाशी हलगी वाजवली असती तरी मी उठलो नसतो.

पण हे शाळेत सांगायचं कसं? शाळा परत भरली तेव्हा वर्गात सगळ्यांकडे एकेक कहाणी तयार. एकाची सायकल म्हणे स्टँडवरनं आपोआप चालत गेली. एकाच्या घरातला बंद पडलेला लंबक परत सुरू झाला. एकानं तर जमीन फाटताना बघितलेली, तीपण नवी पेठेत, जिथं फटबिट काही पडली नव्हती. माझी पाळी आली. मी काय म्हणणार, मी झोपलो होतो? तर मी काकूंची कळशी उचलली. तेव्हापासनं ती माझीच आहे.

ह्याच्यावर मी बराच विचार केलाय, म्हणजे स्वतःला माफ करायच्या दृष्टीनं. कुठंतरी वाचलं होतं की अमेरिकेत ते चॅलेंजर यान १९८६ साली फुटलं तेव्हा उल्रिक नायसर नावाच्या प्रोफेसरनं दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडनं लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता, कुणाबरोबर होता. मग अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच परत विचारलं. कित्येकांची उत्तरं पार बदललेली, आणि वर छातीठोकपणे सांगतायत. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर धरला तरी पटेना. हे वाचून मला फार बरं वाटलं. फक्त माझ्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे, मला पहिल्यापासनं माहितीय.

आमच्या मामाचं घ्या. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधी गेल्या तो दिवस. दिवाळी होऊन आठवडा झालेला. आई म्हणते चिवड्याच्या डब्यात खाली नुसतं मीठ आणि मोहरी उरली होती, ती चमच्यानं खरवडून पोरांना देत होते तेव्हा शेजारच्या रेडिओवर कळलं. मामाचं वेगळं. त्या दिवशी सियालकोटला भारत-पाकिस्तान वन डे चालू होती, आपली बॅटिंग झाली आणि बातमी आल्यावर मॅच तिथंच थांबवली. वेंगसरकर, म्हणजे आपला 'कर्नल', ९४ नॉट आऊट. मामा अजून हळहळतो, सहा रन राहिले म्हणून. आपण म्हणावं, अरे मामा, देशाच्या पंतप्रधान गेल्या, दिल्लीत पुढं काय काय झालं, तर म्हणतो ते तर वाईटच रे, पण कर्नलची सेंचुरी... तो सांगतो की कॉमेंट्री ऐकत होतो. आई म्हणते हा तेव्हा मिलमधे फर्स्ट शिफ्टला होता, दुपारी आला आणि जेवून झोपला. आमच्या घराण्यात झोपलेल्यांची परंपराच दिसतेय.

आईचीच गंमत बघा, बाकीच्यांच्या आठवणी ती अशा चाळणीनं चाळते, स्वतःचा चिवडा मात्र कुणाला हात लावू देत नाही.

तर माझी स्वतःची, खात्रीची, कुणाकडनं न घेतलेली आठवण सहा वाजता सुरू होते. डोळे उघडले तर वर मंडपाचं पिवळं-लाल कापड. वारा आला की फुगायचं आणि परत खाली बसायचं. समोर रिकामा चौरंग, त्याच्यावर दुर्वा आणि एक फुटका नारळ. बल्बच्या माळा अजून लागलेल्या, उजाडलं तरी कुणी बंद केल्या नव्हत्या. आणि सतरंजीवर सगळा वाडा बसलेला, बायका, म्हातारी माणसं, खालच्या काकू कळशी मांडीवर घेऊन (पाणी भरायला नाही, नुसतीच), आणि प्रत्येकाच्या कानामागं, केसांत, नखांत गुलाल. मला वाटलं मिरवणूक अजून संपली नाही. म्हणून विचारलं, माझं लेझीम कुठंय.

सगळे हसले. म्हणजे नुसते हसले नाहीत, पोट धरधरून हसले, दोन तास रस्त्यावर बसून घाबरलेली माणसं कशी हसतील तशी. एक आजोबा हसता हसता खोकायला लागले. मी अंगठा चोखल्यासारखं करून परत आडवा झालो, फोड दुखत होता.

तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं ना. कुठं झालाय, किती झालाय. मोठी माणसं म्हणत होती कोयना असणार, कारण महाराष्ट्रात भूकंप म्हणजे कोयना, ६७ सालचा सगळ्यांना आठवत होता. कुणी म्हणालं आपल्याला एवढं जाणवलं म्हणजे कोयनेला काय झालं असेल, धरण तर नसेल फुटलं. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. आणि तो झाला होता बरोबर उलट्या दिशेला, आमच्यापासनं शंभरेक किलोमीटरवर. रेडिओवर नाव आलं किल्लारी, तेव्हा निम्म्या लोकांनी विचारलं, हे कुठं आलं? औसा-उमरगा पट्ट्यातले चार लोक होते गल्लीत, त्यांना विचारायची गरज पडली नाही, ते स्टँडकडं पळाले होते.

पुढचं सगळ्यांना माहितीय. जवळजवळ दहा हजार माणसं. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची गावंच्या गावं. तिथली घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात गार म्हणून कौतुकाची. गळू नये म्हणून वर मातीचे थर देत जायचं, वर्षानुवर्षं. विसर्जन करून दमून लोक त्याच्याखाली झोपले होते. माझ्यासारखेच.

आमचा मंडप मग आठवडाभर उतरवलाच नाही. गल्लीतल्या बायका भाकरी थापत होत्या आणि पोरं गोळा करून आणून मंडपात ठेवत होती, एका घरातनं वीस, एका घरातनं तीस, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुड्या, गोधड्या, पातेली. चौरंगावर वही ठेवलेली, त्यात मी नोंदी करायचो, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'भाकरी १४०. चादरी ११. स्टोव्ह १ (चालू).' ते 'चालू' मीच लिहिलेलं, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

ट्रकबरोबर अण्णा गेले. दोन दिवसांनी आले. अंगणात नळावर बराच वेळ पाय धुवत होते, आईनं दोनदा हाक मारली तरी धुतच होते. मग वर आले आणि काही न बोलता आमची अंथरुणं भिंतीजवळनं उचलून खाली अंगणात नेली. थंडी पडेपर्यंत आम्ही तिथंच झोपलो. काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलंपण नाही, मला माझी कळशी होती सांगायला. पाहुणे आले की मी सुरू व्हायचो आणि अण्णा शेजारी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायचे. मी "अण्णांना मी उठवलं" म्हणायला लागलो तेव्हासुद्धा. एकदाही म्हणाले नाहीत की अरे, तुला मी उचलून आणला. उलट पाहुण्यांनी त्यांच्याकडं बघितलं तर मान हलवायचे, हो हो, ह्यानंच उठवलं. आता जाऊन नऊ वर्षं झाली त्यांना.

आधीच्या ऑफिसात एकजण होता, त्या भागातला. मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा डबा खाताना विषय निघाला आणि मी सवयीनं आपलं सुरू केलं, तीन छप्पन्न, घर्रर्र, कळशी. सगळं झाल्यावर त्याला विचारलं, "तुम्ही कुठं होता हो तेव्हा?"

"घरात," तो म्हणाला. "घरातच होतो." आणि लोणच्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

त्यानंतर त्या ऑफिसात मी कळशी काढली नाही. दुसऱ्या ऑफिसात काढली.

तर लेक मोबाईल धरून बसलेली. म्हणाली, "म्हणजे बाबा तुला भूकंपातलं काहीच आठवत नाही?" मी म्हटलं एक आठवतंय बहुतेक. झोपेत लेझीम वाजत होतं. खूप जोरात, एका तालात नाही, सगळ्यांचं वेगवेगळं, आणि मी स्वप्नात ओरडत होतो की अरे ताल धरा, ताल धरा. ती भांडी असतील, मांडणीवरची. किंवा नसतीलही, दिवसभर तेच वाजवून झोपलेलो. किंवा हे मी नंतर कधीतरी रचलं असेल, आता तेपण सांगता येत नाही.

"हे घेऊ का?"

"नको," म्हटलं, "आजीचं घे."

आजी तयारच होती. उशी पाठीशी घेऊन उठून बसली, चष्मा लावला (मोबाईलमधे बोलायला चष्मा कशाला कुणास ठाऊक) आणि घसा साफ करून म्हणाली, "तर झालं काय, साडेचार वाजले होते..."

"तीन छप्पन्न," मी म्हणालो.

"तू गप रे," आई म्हणाली. "झोपलेल्या माणसानं मला टाइम सांगू नये."