तुम्ही विचारलंत म्हणून: तंतूला पत्ता कोण सांगतो?

फळमाशीच्या डोळ्यातून निघालेल्या चेतातंतूंना मेंदूतील आपापली जागा कशी सापडते, हे मला नाशिकमध्ये विद्यार्थी विचारतात आणि द्राक्षबागायतदार असलेले माझे दीर तर दर दिवाळीला विचारतात. अनेक वर्षे माझे उत्तर ठरलेले होते: प्रत्येक तंतूजवळ रासायनिक पत्ता, म्हणजे आपली जागा ओळखण्याची रासायनिक खूण असते. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे ते सोपे रूप होते, आणि त्यात खोटे काही नव्हते, असे मी आजही म्हणेन.

एकदा मी फळ्यावर पोस्टमन काढला, तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पत्र पोहोचण्यापूर्वी घर बांधलेले असते का?" मी 'अर्थातच' म्हणून पुढे गेले. तिने पुन्हा हात वर केला, तेव्हा अभ्यासक्रमाबाहेरचे विचारू नये, असे मी तिला सर्वांदेखत सुनावले. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर तिने काही विचारले नाही.

मला ठाऊक नव्हते, असेही नाही. डोळ्यातून आलेले तंतूच हेजहॉग नावाचे प्रथिन सोबत आणतात आणि त्यामुळे लॅमिनातील, म्हणजे डोळ्यालगतच्या मेंदूच्या पहिल्या दृष्टिथरातील, अजून न घडलेल्या पूर्वपेशींपासून चेतापेशी घडू लागतात, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मी वाचलेले होते. म्हणजे पत्र आल्यावरच घराचे बांधकाम सुरू होते. एवढे सगळे एका तासात कसे सांगणार, असे मी मनाला समजावले; पण त्या दिवशी तासाची बारा मिनिटे शिल्लक होती.

थांबण्याचेही तसेच आहे. माशीचा डोळा अनेक छोट्या डोळ्यांचा, म्हणजे नेत्रिकांचा, बनलेला असतो; एका नेत्रिकेतील आठ प्रकाशग्राही पेशींपैकी पहिल्या सहांचे तंतू लॅमिनात थांबतात, उरलेले दोन पुढच्या थरात, मेड्युलात जातात. 'नॉनस्टॉप' नावाचे जनुक बिघडलेल्या माशीत त्या सहांतले अनेक आपल्या पुण्याच्या विनाथांबा गाडीसारखे थेट मेड्युलात शिरतात. दोष तंतूंचा नसतो. त्यांना थांबवणाऱ्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या साहाय्यक पेशीच जागेवर आलेल्या नसतात.

मग पत्ता नसतोच, असे म्हणावे का? तेही म्हणवत नाही. कोषावस्थेत हे सहा तंतू फाकून लॅमिनातील पेशींच्या सहा वेगवेगळ्या जुडग्यांत जातात, ते अशा बेताने की सहा निरनिराळ्या नेत्रिकांतून एकाच बिंदूकडे पाहणाऱ्या पेशींचे तंतू एका जुडग्यात यावेत. तिसरी आणि चौथी पेशी नसेल तर इतरांचे तंतूही चुकतात, म्हणजे ते शेजाऱ्याच्या आधाराने वाट काढतात. पण शेजारी कोणता, हे तंतूने कशावरून ओळखायचे? इथे मी पुन्हा पत्त्यापाशीच येते, आणि या वर्षीही फळ्यावर मी तोच शब्द लिहिला.