अ‍ॅव्हरेज पडलं, कारण सापडलं रेडिएटरपाशी

लिटरला सोळा देणारी आमची जुनी पेट्रोल गाडी नाशिकच्या थंडीत तेरावर आली. ज्याला विचारावं तो म्हणे, ‘इथेनॉल!’ त्यात तथ्य आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे 20 टक्के मिश्रणाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फटका बसेल. माझा फटका त्याच्या जवळजवळ तिप्पट होता. आणि हिशोब टाकी फुल ते टाकी फुल असा, एकाच पंपावरचा.

टायरमध्ये हवा कमी निघाली, भरली. एअर फिल्टर बदलला. जॅक लावून चाकं हातानं फिरवली, ब्रेक कुठं धरत नव्हते. गॅरेजवाल्यानं इंजेक्टर क्लीनिंग सुचवलं. मी म्हटलं, आधी प्लग काढून दाखवा. चारही काजळीनं काळे. पेट्रोल जास्त जातंय हे नक्की झालं, पण का?

टेम्परेचरचा काटा! हायवेला लागून बराच वेळ झाला तरी तो खालीच असायचा, हीटरही कोमट. सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला. हा पाइप आधी गार राहतो आणि इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह, उघडला की एकदम तापतो. आमचा सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला. हाउसिंग खोललं, तर आत थर्मोस्टॅटच नाही.

आधीच्या मालकाकडे गाडी तापली असणार आणि कुणीतरी ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ म्हणून काढून टाकला असणार. हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि मला याचा खरोखर राग येतो. सेन्सर इंजिन गार असल्याचं सांगत राहतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो; जुन्या स्कूटरचा चोक ओढूनच चालवल्यासारखं. शिवाय न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, इंजिन झिजतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात सोडून गॅसवर ठेवला. त्याच्यावर 82 कोरलेलं होतं, म्हणजे 82 अंशांना उघडायला लागणारा. पाण्याला वाफा धरल्या तशी मधली चकती सावकाश उचलली गेली. गार पाण्यात टाकताच परत बसली. मग गाडी मुळात का तापायची तेही शोधलं: रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे तो चालू करणारा विजेचा स्विच, गेला होता. तो बदलला, कूलंट भरून आतली हवा काढली. आता काटा मध्यावर स्थिर असतो आणि गाडी पंधराच्या आसपास देते.