फादर काही सांगेनात! इग्नेशियन डिसर्नमेंट करून नोकरीचा निर्णय घेतला, त्याचा माझा अनुभव

आधीच सांगते, हे मी थोडं चिडूनच लिहितेय. निर्णय झाला, सगळं मार्गी लागलं, तरी मधले ते आठवडे आठवले की अजून डोकं तडकतं. तुम्हाला कोणी म्हणत असेल की डिसर्नमेंट, म्हणजे प्रार्थनेतून मन तपासत निर्णय घेणं, करून बघ, छान शांत वाटतं, तर शांत शेवटी वाटतं, मधे अजिबात नाही.

मी बडोद्याची. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले, त्यामुळे घरात मराठी, बाहेर गुजराती आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पण गुजरातीच. एका हॉस्पिटलच्या आयसीयूत बरीच वर्षं स्टाफ नर्स आहे, म्हणजे होते. त्याच ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजात ट्यूटरची जागा निघाली, माझं बीएस्सी नर्सिंग असल्याने लिस्टमध्ये नाव लागलं आणि एचआरने विलिंगनेस फॉर्म हातात दिला, दिवाळीच्या आत भरून द्या म्हणून. दिवसाची ड्यूटी, रविवारी सुट्टी, नाइट बंद, अर्थात नाइट अलाउन्सपण बंद. मुलगी दहावीत. बाहेरच्या कोणालाही विचारा, एवढं काय त्यात, टिक करून टाक. पण आयसीयूत मी चांगली आहे हो. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की बघायच्या आत कळतं पेशंटला सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, हवंय की ट्यूब सरकलीये. ते सोडून फळ्यासमोर उभं राहायचं?

म्हणून फादरांकडे गेले. फादर जेझुइट, म्हणजे ज्याची ही पद्धत त्या संत इग्नेशियसच्याच संघाचे, मूळचे केरळचे पण गुजराती आपल्यापेक्षा सफाईने बोलतात. पहिल्या भेटीत त्यांनी दोनच गोष्टी तपासल्या. दोन्ही पर्याय चांगले आहेत ना, कारण एक वाईट असेल तर निवडायचा प्रश्नच नाही. आणि दुसरं, आधी दिलेलं कायमचं वचन यात मोडत नाही ना. लग्न झालेल्याने लग्न करावं की नाही हे परत ठरवायला बसायचं नाही, असं इग्नेशियसने साधनेच्या पुस्तकात, म्हणजे 'स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस'मध्ये, लिहूनच ठेवलंय. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, चला, मी सेफ.

इग्नेशियसची गोष्ट फादरांनी सांगितली ती मी नर्सच्या कानांनीच ऐकली. 1521 साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून एक पाय मोडला. हाड नीट बसलं नाही म्हणून परत मोडून बसवलं, आणि त्या काळात भूल कसली. मग गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला, त्यावर फॅशनचे घट्ट बूट चढणार नाहीत म्हणून या गृहस्थाने तो कापून घेतला आणि आखूड झालेला पाय ताणून घेत दिवसचे दिवस पडून राहिला. इतका हट्टी पेशंट! पाय शेवटपर्यंत आखूडच राहिला तो राहिलाच. पडल्या पडल्या वाचायला शूरवीरांच्या गोष्टी मागितल्या, त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा हातात आल्या. आता दोन्ही प्रकारची दिवास्वप्नं बघताना मजा यायची, पण राजघराण्यातल्या बाईसाठी पराक्रम करायची स्वप्नं संपली की मन कोरडं पडायचं आणि संतांसारखं जगायचा विचार संपल्यावर मात्र समाधान मागे रेंगाळायचं. पुढची सगळी पद्धत या एका निरीक्षणातून निघाली. विचार येताना कसं वाटलं ते सोडा, गेल्यावर काय उरलं ते बघा.

तर मला होमवर्क मिळाला. त्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेप्रमाणे करायचं, म्हणजे महिनाभर सगळं सोडून रिट्रीटला न जाता घर-नोकरी सांभाळत. पुस्तकात रोज दीड तास म्हटलंय, फादरांनी शिफ्ट ड्यूटी बघून माझ्यासाठी अर्ध्या तासावर आणलं. शिवाय रात्री एक्झॅमेन. दिवसाबद्दल आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं ठरवायचं. हे पलंगावर आडवं होऊन करू नका, दुसऱ्या पायरीला झोप लागते. नवरात्रात तर अजून मजा, बाजूच्या ग्राउंडवर गरबा, स्पीकर बारापर्यंत, आणि मी खुर्चीत डोळे मिटून दिवस आठवतेय. पण ते जमलं. डायरीत दोन-तीन ओळी लिहायची, कशाने आतून मोकळं वाटलं, देवाच्या जवळ वाटलं ते कन्सोलेशन, कशाने आत अंधारून आलं ते डेसोलेशन. पेशंटच्या ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टसारखंच, एका रीडिंगवर औषध बदलत नाहीत, ट्रेंड बघतात.

इथपर्यंत सुरळीत. मला वाटलं, दोन-तीन आठवड्यांत चार्ट तयार, फादर बघतील, सांगतील हे घे किंवा ते घे.

फादर काही सांगेनात!

दर भेटीत मी डायरी वाचून दाखवायची, ते ऐकायचे, मधेच विचारायचे "मग? नंतर काय उरलं?" आणि वेळ संपली की प्रार्थना करून उठायचे. मी शेवटी सरळ विचारलं, फादर, तुम्हाला काय वाटतं, कुठलं घेऊ? ते हसले. म्हणाले, मला काय वाटतं ते सांगायची मला परवानगी नाही. आणि खरंच नाहीये. पंधरावी सूचना आहे, साधना देणाऱ्याने कुठल्याच बाजूला झुकायचं नाही, तराजूच्या काट्यासारखं मधे राहायचं, देवाला आणि साधना करणाऱ्याला एकमेकांशी थेट बोलू द्यायचं. ऐकायला छान वाटतं. पण ज्याच्या हातात एचआरचा फॉर्म आहे त्याने त्या काट्याकडे किती वेळ बघत बसायचं?

बरं, अडवून धरलं होतं कशावर तर इंडिफरन्सवर. म्हणजे बेफिकिरी नव्हे, तर दोन्हीपैकी काहीही वाट्याला आलं तरी घ्यायला मन मोकळं असणं. इग्नेशियसने तर तब्येत की आजारपण, पैसा की गरिबी, लांब आयुष्य की छोटं, इथपर्यंत नेलंय ते. फादरांनी विचारलं, समज उद्या ट्यूटरची पोस्टच रद्द झाली, तर? माझ्या पोटात गोळा आला आणि तो चेहऱ्यावर दिसला. ते म्हणाले, मग अजून नाही. पुढच्या वेळी उलटं विचारलं, समज तुला परत कधीच आयसीयूत पाऊल ठेवता येणार नाही, तर? परत गोळा. अजून नाही. म्हणजे मी दोन्हीकडून नापास.

मग तीन प्रकारच्या माणसांचं चिंतन दिलं. तिघांनाही दहा हजार डुकाट, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, मिळालेत, तिघांनाही त्या पैशात मन अडकलंय हे कळतं आणि त्यातून सुटायचंय. पहिला सुटायचं म्हणतो आणि मरेपर्यंत काही करत नाही. दुसरा सुटायला तयार आहे पण पैसे ठेवून, म्हणजे देवानेच याच्या मर्जीकडे यावं. तिसऱ्याला ठेवायचा पण आग्रह नाही आणि टाकायचा पण नाही, देवाची इच्छा कळेल तसं. वाचल्या वाचल्या मला दुसऱ्याचा इतका राग आला की कळून चुकलं तो कोण आहे.

याच सुमारास लागोपाठ नाइट लागल्या आणि एक तरुण पेशंट गेला, डेंग्यूचा, आम्ही सगळं केलं तरी. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर दिली, घरी आले, नवऱ्याने कोपऱ्यावरून शेवउसळ आणून ठेवली होती ती तशीच झाकून ठेवली आणि फॉर्म काढला. ट्यूटरवर टिक करणार, तेवढ्यात म्हटलं एक फोन करू. आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा फादर स्पष्ट काहीतरी बोलले. आज नाही. डेसोलेशनमध्ये कुठलाही बदल करायचा नाही, आधी शांत असताना जे ठरलं होतं त्यावर टिकून राहायचं, हा त्या पुस्तकातला नियमच आहे, पाचवा. वर म्हणाले, आज प्रार्थना अर्ध्या तासापेक्षा थोडी जास्त कर, एक मिनिट का होईना, कारण अशा वेळी मन लवकर उठायला बघतं. बारा तास उभी राहून आलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे! मी फोन ठेवला आणि नुसती रडले. मग झोपले. फॉर्म मात्र भरला नाही, आणि आता मागे वळून बघताना ते एक वाक्य सगळ्या भेटींना भारी होतं असं वाटतं. नाइटनंतर राजीनामे लिहिणाऱ्या किती पोरी बघितल्यात मी.

तरी राग होताच. पुढच्या भेटीत बोलून टाकलं की तुम्ही मला लटकवून ठेवलंय. त्यांनी इग्नेशियसचंच उदाहरण दिलं. 1544 साली संघाच्या चर्चना कायमचं उत्पन्न असावं की नसावं, या एका प्रश्नावर तो रोज प्रार्थना करून डायरीत लिहीत होता, चाळीस दिवस, उत्तर बऱ्यापैकी कळलेलं असून. मी म्हटलं, फादर, त्यांना एचआरचा फोन येत नव्हता. त्यावर ते मोठ्याने हसले आणि "उतावळ शानी छे, बेन?" (घाई कसली आहे, ताई?) म्हणून चहा मागवला. उतावळ शानी म्हणजे? दिवाळी आठवड्यावर आलेली!

मुदत वाढवून घेतली. मी आतून कधी मोकळी झाले ते मलाही नक्की सांगता येणार नाही, एवढंच आठवतं की एका संध्याकाळी फादरांनी परत तेच दोन प्रश्न विचारले आणि पोटात काही झालं नाही. ते म्हणाले, आता बसू. त्यानंतर सगळं भराभर झालं. फायद्या-तोट्यांची यादी, जी लोक पहिल्याच दिवशी करतात, ती आत्ता करायची. माझं मत विचाराल तर ती आधी केलीत तर मन ज्या बाजूला अडकलंय तिकडचे मुद्दे आपोआप लांब होतात, आणि आपल्याला वाटतं आपण विचार करतोय.

यादीबरोबर तीन कल्पना करायच्या असतात. कधी न भेटलेली एखादी व्यक्ती याच पेचात आहे, तिला काय सांगशील. मरणाच्या वेळी काय निवडलेलं असावं असं वाटेल. आणि न्यायाच्या दिवशी. मरणवाली माझ्याकडून होईना. मी इतकी मरणं बघितलीत की डोळे मिटले की मॉनिटरच दिसतो, आणि तिथे कोणी आपल्या पोस्टबद्दल बोलत नाही, पाणी मागतात, मुलाला बोलवा म्हणतात. फादर म्हणाले सोड ती, पहिली कर. अनोळखी नर्सची कल्पना केली तर तिला मी पटकन म्हटलं, अगं तुझी डायरी बघ ना.

डायरीत काय होतं? ज्या दिवसांनंतर समाधान टिकलं होतं ते दिवस आयसीयूतल्या थरारक केसेसचे नव्हते, आरामाच्या सुट्टीचे पण नव्हते. नवीन पोरीला बेडसाइडला उभं करून काही शिकवलं ते होते. एका ट्रेनीने घाबरत घाबरत पहिलं सक्शन केलं, मी फक्त तिच्या कोपराला हात लावून उभी होते, ती नोंद त्याच वाईट नाइटच्या आठवड्यातली आहे. मी लिहिलेली आणि विसरलेली.

तर ट्यूटर. नवरा म्हणाला, म्हणजे एवढं सगळं करून पहिल्या दिवशी म्हणत होतीस तेच ना? तेच, आणि नाही पण. पहिल्या दिवशी मी पळत होते. आता मी एचआरकडे जाऊन मागितलं की वर्गाबरोबर आयसीयूतलं क्लिनिकल पोस्टिंग माझ्याकडे द्या, मुलींना मी बेडसाइडला शिकवेन. हे मागायचं आधी सुचलंच नसतं. दिलं त्यांनी.

आणि हो, निर्णय झाल्यावर पण लगेच फॉर्म देऊ देत नाहीत हां. तो देवापुढे ठेवायचा आणि खात्री मिळते का बघत थोडं थांबायचं. परत थांबायचं! पण या वेळी त्रास झाला नाही, रोज सकाळी उठून बघितलं, निर्णय तसाच शांत होता.

आठवतील तशा काही गोष्टी सांगते. माझी दांडिया बाजारची मैत्रीण विचारत होती की हे कौल लावण्यासारखंच का. नाही, फूल उजवीकडे पडलं की डावीकडे असं काही नसतं, स्वतःचं डोकं आणि मन दोन्ही वापरावं लागतं. सोबतीला फादरच हवेत असं नाही, सिस्टर किंवा साधी संसारी माणसंही हे करतात, फक्त त्यांनी स्वतः साधना केलेली असावी. त्यांना सगळं सांगा, विशेषतः जे सांगू नये असं वाटतं ते, कारण तेराव्या नियमात म्हटलंय की सैतानाला गुपित आवडतं. दहा जणांना मात्र विचारत सुटू नका, मी सासूबाईंना विचारलं आणि दोन दिवस फुकट गेले. नर्स म्हणून एक सांगते, आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, रडूच येतंय, असं असेल तर त्याला डेसोलेशन म्हणून बसू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

आणि मुदतवाढ घ्यायची तर मेलवर, लेखी. एचआरच्या मॅडम तोंडी "कांई वांधो नहि, बेन" (काही हरकत नाही, ताई) म्हणाल्या होत्या आणि सोमवारी सकाळी परत फोन, फॉर्म कुठे आहे?