पीएमओ लवचिक करायचं ठरलं तेव्हा काय काय झालं – माझा अनुभव

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पीएमओमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफिसमध्ये आहे, कंपनीचं नाव राहू दे. आमच्याकडे नव्या पार्टचं डेव्हलपमेंट, प्लांटमधली नवीन लाइन आणि आयटीची कामं या सगळ्याला एकच फॉरमॅट होता. एकच चार्टर (प्रोजेक्ट सुरू करायचा मंजुरीचा कागद), एकच गेट लिस्ट (पुढच्या टप्प्यात जाण्याआधी काय काय तपासायचं त्याची यादी), आणि चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे ठरलेल्यात बदल मागायचा एकच फॉर्म ज्यावर पाच सह्या लागायच्या. प्रेस शॉपची लाइन हलवायची असो नाहीतर स्टोअरच्या बारकोड अॅपमधलं एक बटण हलवायचं असो, फॉर्म तोच आणि तो मंजूर करणारं चेंज बोर्ड बसणार महिन्यातून एकदाच. लोक तोंडावर सर-मॅडम म्हणायचे आणि मागे आमचं नाव पोस्ट ऑफिस.

मग वरून हुकूम आला की आता आपण अजाईल व्हायचं, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम दाखवत आणि लागेल तसं बदलत पुढे जायचं. कन्सल्टंट आले, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, रोज सकाळी उभं राहून मीटिंग सुरू झाली. आयटीची पोरं खुश, त्यांना ते आधीपासून माहीत होतं. पण टूलरूमच्या, म्हणजे पार्टला आकार देणारे स्टीलचे साचे (डाय) बनतात तिथल्या काकांनी एकदा शांतपणे विचारलं की डाय बनायला तीन-चार महिने लागतात तर मी रोज सकाळी उभं राहून सांगू काय, कालही स्टील कापत होतो आजही कापतोय? आणि त्यांचं बरोबर होतं हो. 2001 साली अमेरिकेत युटाला जे 17 जण जमले आणि ज्यांनी अजाईलचा तो प्रसिद्ध जाहीरनामा लिहिला ते सगळे सॉफ्टवेअरवाले होते. त्यात डायचा विचार कुठून असणार.

माझं म्हणणं होतं की भिंतीवरच्या चिठ्ठ्यांनी पीएमओ लवचिक होत नाही, कोणता निर्णय कोणी न विचारता घ्यायचा हे बदललं तर होतं. म्हणून मी आधी वर्षभराच्या चेंज रिक्वेस्ट एक्सेलमध्ये काढून बघितल्या. बहुतेक सगळ्या मंजूरच झालेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच इतक्या किरकोळ की पाच सह्यांपैकी चार लोकांनी वाचल्याही नसतील. म्हणजे आम्ही थांबवत काहीच नव्हतो, फक्त उशीर करत होतो.

मग प्रत्येक प्रकारच्या कामाला एकच प्रश्न विचारला, हा निर्णय चुकला तर परत फिरायला किती खर्च येईल? अॅपमधलं बटण चुकलं तर उद्या जुनं व्हर्जन टाकता येतं. डाय एकदा कापली की कापली, मग वेल्डिंग करा, पुन्हा मशिनिंग करा, पुन्हा ट्रायल घ्या, त्यात कस्टमरची लाँच डेट डोक्यावर. त्यामुळे टूलिंगच्या कामाला गेट ठेवली, उलट स्टील कापायच्या आधीचं गेट आणखी कडक केलं. आयटीला गेट जवळपास काढून टाकली, दोन-दोन आठवड्यांनी चालू काम दाखवायचं बास. आणि लाइन बसवणं वगैरे मधली कामं, त्यात सिव्हिल आणि मशीन जुन्या पद्धतीने आणि स्क्रीन-डॅशबोर्ड नवीन पद्धतीने. याला आजकाल हायब्रिड म्हणतात. पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अमेरिकन संस्थेनेसुद्धा आपल्या पीएमबॉक गाइडच्या 2021 च्या सातव्या आवृत्तीत प्रोसेसच्या याद्या मागे टाकून 12 तत्त्वं पुढे आणली आणि कामाप्रमाणे पद्धत कापून-शिवून घ्या असं सांगितलं, ते मी मीटिंगमध्ये दाखवलं. आपल्याकडे बाहेरच्याचा शिक्का असला की लवकर पटतं.

क्वालिटीचे साहेब मात्र हटून बसले होते. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचं ऑडिट असतं, एपीक्यूपीचे (नव्या पार्टच्या क्वालिटी प्लॅनिंगचे) टप्पे, पीपॅपची (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची) फाइल, यातलं काही गाळलं तर कस्टमर उभा करणार नाही. भीती खरी होती. मग त्यांच्याबरोबर बसून गेट लिस्टची एकेक ओळ बघितली, हे कस्टमरला लागतं का, स्टँडर्डला लागतं का, की आपणच कधीतरी घातलंय? निम्म्याच्या आसपास आपणच घातलेलं निघालं, कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टमध्ये घोळ झाला की एक ओळ वाढवायची असं करत करत ती यादी झाली होती. प्रोजेक्ट संपला, घोळ विसरला, ओळ तशीच. ते काढायला साहेब स्वतःच तयार झाले, पीपॅपला मात्र हात लावला नाही आणि लावायचा पण नव्हता.

त्यानंतर सगळ्यात उपयोगी पडलं ते टॉलरन्स. हे प्रिन्स टू या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या ब्रिटिश पद्धतीवाल्यांचं जुनं आहे, प्रोजेक्ट मॅनेजरला वेळेची-पैशाची एक हद्द आखून द्यायची, हद्दीत आहे तोवर त्याने कोणाला विचारायचं नाही आणि हद्द ओलांडणार असं दिसलं की लगेच वर यायचं, ओलांडल्यावर नाही. आयटीच्या कामाला आम्ही दोन आठवडे आणि पाच टक्के ठेवलं, टूलिंगला त्याहून बरंच कमी. चेंज बोर्ड महिन्याचं काढून गरज लागेल तेव्हा अर्ध्या तासाचं केलं. गंमत म्हणजे काही प्रोजेक्ट मॅनेजरना हे नकोच होतं, पाच सह्या असल्या की अंगावर काही येत नाही ना.

आणि स्टेटस रिपोर्ट! त्यात हिरवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे अडचण, पण आमचे रिपोर्ट कलिंगडासारखे, बाहेरून हिरवेगार आणि कापलं की आत लाल. लाल दाखवलं की स्टीअरिंग कमिटीत, म्हणजे वरिष्ठांच्या आढावा बैठकीत सगळ्यांसमोर झापायचे, मग कोण दाखवणार. टॉलरन्स आल्यावर लाल म्हणजे मदत हवी एवढाच अर्थ ठरवला, तर पहिल्या तिमाहीत लाल प्रोजेक्ट धडाधड वाढले. डायरेक्टर साहेब म्हणाले हे काय, लवचिक केल्यावर परिस्थिती बिघडली? त्यांना समजवायला जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशात नाही गेला, फायनान्स सोडून.

तर फायनान्स. माझ्या मते पीएमओची खरी गाठ तिथे असते, मेथडॉलॉजीवर सगळे बोलतात पण बजेट एप्रिल ते मार्च एकदाच मंजूर होणार असेल तर मध्ये दिशा बदलायची कशी? फायनान्सच्या मॅडम स्पष्ट बोलल्या, उद्या ऑडिटर विचारेल की हा खर्च कुठल्या मंजुरीखाली केला तर मी काय दाखवू, तुमची चिठ्ठी? शेवटी आयटीपुरता तोडगा निघाला, टीमचा खर्च तिमाहीला ठरवायचा आणि त्या टीमने काय करायचं ते तिमाहीच्या सुरुवातीला ठरवायचं, व्हेंडरच्या पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) वरची मर्यादा घालून टाइम अँड मटेरियल, म्हणजे जेवढा वेळ आणि सामान लागेल तेवढेच पैसे. प्रत्येक तिमाहीला एक पानाची मंजुरी, त्यावर सही, ऑडिटला तेच कागद.

एका गोष्टीत मात्र आम्ही अजून अडकलोय, एकावेळी किती प्रोजेक्ट चालवायचे. हातात जितकं जास्त काम उघडं तितका प्रत्येक काम संपायला वेळ जास्त, हे लिटल्स लॉचं साधं गणित आहे आणि टूलरूमला ते रोज दिसतं कारण सगळे पार्ट शेवटी तिथेच येऊन अडकतात. पण कुठला प्रोजेक्ट थांबवायचा असं विचारलं की प्रत्येक डिपार्टमेंट हेड दुसऱ्याच्या प्रोजेक्टकडे बोट दाखवतो. मी यादी करून ठेवलीये, पुढच्या बजेटच्या मीटिंगला घेऊन जाणार आहे. टूलरूमचे काका म्हणतायत मलाही बोलवा, मी सांगतो.