पाचवा इंपेलर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे लेथचे छोटे काम आहे आणि घरामागच्या शेडमध्ये मेणाच्या नमुन्यांवरून मी ॲल्युमिनियमचे लहान भाग ओततो. मागच्या जुलैत एका गिऱ्हाइकाच्या पंपासाठी ९० मिमी व्यासाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, ओतत होतो. चारही नग बाहेरून देखणे निघाले, पण हबला, म्हणजे मधल्या जाड भागाला, बोअर मारू (आरपार भोक कातू) लागलो की टूलखाली भोके उघडी पडत. दोष वायूचाच, अशी ठाम समजूत असल्यामुळे मी वितळलेल्या धातूतला वायू काढणाऱ्या डीगॅसिंगच्या गोळ्या वाढवत गेलो आणि पाती नीट भरावीत म्हणून धातू ८०० अंशांपर्यंत तापवू लागलो. जास्त तापलेला धातू हायड्रोजनही जास्त शोषतो, हे ठाऊक असूनही.

चौथा नग भंगारात टाकत असताना ओळखीचे एक निवृत्त मोल्डर (ओतकामाचे साचे बनवणारे) आले. "कापून बघितलास काय रे?" एवढेच त्यांनी विचारले. बघितला नव्हता. हब हॅक्सॉने मधोमध कापून, पॉलिश पेपरने घासून भिंगाखाली धरला, तेव्हा एकाच नगात दोन निराळे रोग दिसले. कातडीलगतची भोके टाचणीच्या डोक्याएवढी, गोल आणि आतून चकचकीत होती. हबच्या पोटातली पोकळी मात्र वेडीवाकडी, तिच्या भिंतींवर खडीसाखरेसारखे कण उभे राहिलेले. पहिली वायूची, दुसरी आकसण्याची, आणि दुसरीवर कुठलीच गोळी चालणार नव्हती.

पातळ पाती आणि अरुंद गेट, म्हणजे धातू साच्यात शिरायची वाट, आधी गोठत, जाड हब शेवटी. ॲल्युमिनियम घट्ट होताना आकारमानाने सुमारे ६ टक्के आकसते, आणि गेट बंद झाल्यावर ती तूट भरायला हबला धातू मिळतच नसे. वायूचे मूळही गोळीत नव्हते: प्लास्टरचा साचा मी आदल्या दिवशी भाजून रात्रभर शेडमध्ये ठेवत असे, आणि जुलैतली कोल्हापूरची हवा त्याला पुन्हा ओल देत असे.

पाचव्या वेळी हबच्या डोक्यावर हबपेक्षा रुंद रायझर, म्हणजे शेवटी गोठून खाली धातू पुरवणारा जादा साठा, दिला, भट्टीतून काढलेला साचा २५० अंशांवर असतानाच भरला आणि धातू ७२० अंशांवर ठेवला. रायझर कापला तेव्हा ती खडबडीत पोकळी त्याच्यात वर सरकलेली सापडली. खालचा हब बोअर करताना एकही भोक निघाले नाही. एका पातीचे टोक तेवढे अर्धवट राहिले, म्हणून सहाव्यासाठी साचा ३०० अंशांवर भरायचे ठरवून मी पुन्हा मेण ओतायला घेतले.