वही असताना चाचणी कशाला?

रामकुंडावर उपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी असताना डीएनएची चाचणी कशाला, हे मला नाशकात सारखं विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लांबट वही काढली. आजोबांची शाईतली सही समोर आली आणि मला रडूच कोसळलं. त्यामागची पानं मोडीतली. वर जात जात दोन सख्ख्या भावांपर्यंत पोचलो. धाकट्याचा वंश पुढे कुठे गेला, ते पान वाळवीने खाल्लेलं. येवल्याचं एक घर म्हणायचं, "आम्ही तुमचेच." पण ते कुलकर्णी, आणि आमचं आडनाव गावावरून पडलेलं.

आपल्याकडे आडनावावर विसंबताच येत नाही. वतन मिळालं की कुलकर्णी, गाव सोडलं की त्या गावाचे 'कर'. भावाभावांची आडनावं वेगळी, आणि गावोगावच्या कुलकर्ण्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. इंग्लंडात जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली साइक्स याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, तर जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकसारखं निघालं. तिथे आडनाव शतकानुशतकं बापाकडून मुलाकडे आलंय. आपल्याकडे आडनाव बाजूला ठेवून, ज्यांच्यात नात्याची आठवण आहे त्यांचा वाय ताडून बघावा लागतो.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं. मला ते नाहीच. म्हणून सिन्नरच्या काकांना गळ घातली. गालाच्या आतून काडी फिरवता फिरवता ते म्हणाले, "एवढ्यावर खापरपणजोबा सापडणार?"

तर, या गुणसूत्रावर काही ठिकाणी तीच ती अक्षरं लागोपाठ येतात, कुठे १३ वेळा, कुठे २४ वेळा. बापाकडून मुलाकडे जाताना क्वचित एखादी खेप वाढते किंवा गळते, आणि तो फरक त्या मुलाच्या पुढच्या वंशात उतरत जातो. शाखा ओळखायची ती यावरून. आम्ही ३७ ठिकाणं तपासली. काका आणि येवल्याचे आजोबा ३६ ठिकाणी जुळले. पूर्वज किती पिढ्यांमागचा, याचा चाचणी फक्त अंदाज देते. नाव वहीतच सापडतं. एकाच घरातल्या दोघांवर पैसे घालू नका. जितक्या लांबच्या फाट्यातला माणूस घ्याल, तितकं मागचं कळतं.

वहीत आमच्याच भाऊबंदांत असलेलं चांदवडचं घर मात्र जुळलं नाही. भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला तर वाय तोच राहतो. मुलीचा मुलगा घेतला की बदलतो. वही पुन्हा उघडली, तर तीन पिढ्यांमागे 'कन्येचा पुत्र दत्तक' असं स्वच्छ लिहिलेलं. तिथल्या थोरल्यांना मी घरी जाऊन, शेजारी बसून सांगितलं. ते आमचे भाऊबंदच आहेत. आमचं सुतक त्यांनी कायम पाळलंय. तेव्हापासून नमुना घेण्याआधीच मी प्रत्येकाला ही शक्यता सांगते. कुणी कचरलं तर आग्रह करत नाही.

येवल्याचे आजोबा परवा रामकुंडावर आले. आमच्या पानावर त्यांनी सही केली, मुलांची, नातवंडांची नावं घातली. त्यांच्या ज्ञात पूर्वजाच्या वर, त्या धाकट्या भावापर्यंत, उपाध्यायांनी चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.